काळ्या रंगाचे दोन हात

घरातल्या जुन्या फळ्याला नवा रंग देणे ही साहित्यविषयक नियतकालिकात नोंदवावी अशी घटना नव्हे, हे आम्ही जाणून आहोत. उडालेला रंग पुन्हा द्यावा, गंजलेली बिजागरी बदलावी, गळकी कौले फिरवावीत, ही कामे प्रत्येक संसारात पावसाळ्यापूर्वी किंवा नाताळपूर्वी होतच असतात व त्यांचा कोणी गाजावाजा करीत नाही. तथापि फळा ही वस्तू दाराखिडक्यांच्या जातीची नाही. खिडकीला रंग द्यावयाचा तो ती चांगली दिसावी आणि तिचे लाकूड टिकावे म्हणून. फळ्याला रंग द्यावयाचा तो त्यावर पुढे कोणीतरी काहीतरी लिहावे म्हणून. त्या लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची गरज खरी असेल, तर एवढ्याशा कामालाही वजन येते. आमच्या घरी तशी गरज निर्माण झाली आणि त्या निमित्ताने या साध्या वस्तूविषयी बराच विचार झाला. तो वाचकांपुढे ठेवावा, असे वाटले.

आमच्या वसई परिसरातील पुष्कळ जुन्या घरांच्या ओटीवर पूर्वी एखादा लहानसा लाकडी फळा टांगलेला असे. ज्यांच्या घरी शिकवणी चाले त्यांच्याकडे तर तो असेच. पण इतरांकडेही असे. दुधाचा रतीब, केळीच्या लोंगरांची मोजदाद, मजुरांचे खाडे, मे महिन्यात जपमाळेची पाळी कोणत्या दिवशी कोणाच्या घरी, हे सारे त्यावर खडूने मांडले जाई आणि काम संपले की पुसले जाई. पुढे दिनदर्शिकेच्या चौकटींत हे हिशेब जाऊन बसले आणि अलीकडे ते भ्रमणध्वनीत शिरले. फळे माळ्यावर गेले. कित्येकांच्या फळ्या कोंबड्यांच्या खुराड्याला लागल्या. जे टांगलेले राहिले ते वर्षानुवर्षांच्या पुसण्याने इतके गुळगुळीत आणि करडे झाले की त्यांच्यावर खडू उमटेना. मग त्यांच्यावर कोणी लिहिले नाही व कोणी लिहीत नाही म्हणून ते रंगविलेही गेले नाहीत.

फळ्याची कुळकथा फार लांबची नाही. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर शिकत. लाकडी फळीवर विटकरीची बारीक पूड किंवा धूळ पसरावयाची, तीवर लेखणीच्या टोकाने अक्षर काढावयाचे आणि फळी हलविली की पुन्हा सारे कोरे. 'धुळाक्षरे गिरविणे' हा वाक्प्रचार तेथूनच आला. त्यानंतर दगडी पाटी आली. तिच्याभोवती लाकडी चौकट आणि सोबत पेन्सिल. एका मुलाची एक पाटी असे. साऱ्या वर्गाने एकाच वेळी पाहावे असा मोठा फळा भिंतीवर आला तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. त्याचे श्रेय बहुधा स्कॉटलंडमधील एडिंबरोच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक जेम्स पिलन्स यांना दिले जाते. १८१० मध्ये ते त्या शाळेचे प्रमुख झाले आणि भूगोल शिकविण्यासाठी त्यांनी फळा आणि रंगीत खडू यांचा उपयोग केला. पाटी मोठी होऊन भिंतीवर चढली, एवढाच काय तो बदल. परंतु त्यामुळे एका शिक्षकाला एकाच वेळी पन्नास मुलांशी बोलता येऊ लागले.

आपल्या देशात तर शाळा म्हणजे काय, याचे माप एके काळी फळ्यानेच घेतले गेले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये जी योजना सुरू झाली, तिचे नावच 'खडू-फळा मोहीम' असे होते. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, निदान दोन शिक्षक आणि फळ्यासह आवश्यक ते शैक्षणिक साहित्य असावे, ही तिची अपेक्षा. एवढ्या साध्या गोष्टींसाठी देशाला मोहीम काढावी लागली, यावरून त्या वेळच्या शाळांची स्थिती ध्यानात यावी.

आमचे वडील प्राथमिक शिक्षक होते. दर जून महिन्यात शाळा उघडण्यापूर्वी ते वर्गातला फळा स्वतः काळा करीत. कोळशाची वस्त्रगाळ पूड आणि पाल्याचा रस यांचा लेप ते वापरीत. पाला कधी माक्याचा असे, कधी तोंडलीच्या वेलाचा. रसाचा चिकटपणा कोळशाला लाकडावर धरून ठेवी. कोणी निकामी झालेल्या सेलमधली काळी पूडही त्यात मिसळीत. ती मँगॅनीजच्या संयुगाची असते आणि हाताळणे बरे नव्हे, हे आज आपणास ठाऊक आहे. तो लेप फार तर एक सत्र टिके. दिवाळीनंतर फळ्याला पुन्हा हात द्यावा लागे. तो द्यावाच लागणार, हे वडिलांना माहीत होते व त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केल्याचे आम्हांस आठवत नाही.

*

वडिलांना जाऊन बरीच वर्षे लोटली. आईचे वय आज चौऱ्याऐंशी आहे. गेल्या सहा-सात वर्षांत तिची श्रवणशक्ती हळूहळू गेली.

वार्धक्यातील बहिरेपणाची एक रीत असते. ऐकू येणे एकदम बंद होत नाही. उंच पट्टीचे ध्वनी आधी जातात. स, श, फ, त, क यांसारखी व्यंजने त्या पट्टीत मोडतात. स्वर मात्र मागे राहतात. त्यामुळे समोरचा माणूस बोलतो आहे हे कळते, परंतु काय बोलतो आहे ते कळत नाही. अशा वेळी आपण आवाज चढवितो. चढविलेल्या आवाजात स्वर तेवढे मोठे होतात, हरवलेले व्यंजन परत येत नाही. शिवाय मोठ्याने बोलणाऱ्याचा चेहरा रागावल्यासारखा दिसतो आणि ऐकणाऱ्याला शब्द न कळता राग तेवढा कळतो. कानात घालावयाच्या यंत्राचा पुष्कळांना चांगला उपयोग होतो व ते आधी वापरून पाहावेच. आईनेही ते दोन वर्षे वापरले. पुढे कानाची नसच इतकी क्षीण झाली की यंत्र गोंगाट तेवढा आत नेई, शब्द नेईना. शेवटी तिने ते डबीत घालून कपाटात ठेवले.

त्यानंतर घरात जे घडले ते अनेक घरांत घडते. कोणी काही ठरविले नाही, कोणी कोणाला वाईट वागविले नाही. पण आईशी बोलणे कमी होत गेले. जेवणाच्या वेळी हसू झाले की ती विचारी, "काय झालं?" आणि आम्ही हात हलवून खुणेने सांगू, "काही नाही." सांगण्यासारखे काही नव्हते असे नाही, सांगण्याचा खटाटोप नकोसा वाटे. आलेला पाहुणा तिला नमस्कार करी आणि वळून आमच्याशी बोलू लागे. दिवसातून दहा वेळा 'काही नाही' असे ऐकणारे माणूस एक दिवस विचारणेच सोडून देते. आईने ते सोडले. ती ओटीवर खुर्ची टाकून बसे, जपमाळ ओढी आणि रस्त्याकडे पाही.

आई सातवीपर्यंत शिकलेली आहे. तिचे वाचन चांगले. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्यापासून मोठे अक्षर तिला विनासायास दिसते. प्रथम आम्ही वहीवर लिहून दाखवू लागलो. वहीचे अक्षर लहान पडे, चष्मा शोधावा लागे आणि लिहून होईपर्यंत बोलण्यातली गोडी निघून जाई. भ्रमणध्वनीच्या चकाकणाऱ्या काचेवर तिची नजर ठरत नसे. अशा वेळी आमच्या सौभाग्यवतींनी माळ्यावरच्या फळ्याची आठवण करून दिली. वडिलांच्या शिकवणीचा तो फळा, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच. खाली उतरविला, खडूने एक ओळ ओढून पाहिली. खडू घसरला, किंचाळला, पण उमटला नाही.

*

फळा का 'मरतो', हे तेव्हा आम्ही समजून घेतले. खडू म्हणजे भुसभुशीत दगडाची कांडी. नाव खडूचे असले तरी हल्लीची कांडी बहुतांशी जिप्समची असते. तिचे कण सुटून पृष्ठभागावर अडकले तरच अक्षर उमटते आणि अडकण्यासाठी पृष्ठभाग किंचित खरखरीत असावा लागतो. फळ्याच्या रंगात चिकटविणारे द्रव्य बेताचे आणि संगमरवरी पूड, शंखजिरे यांसारखी भरड अधिक असते. त्यामुळे वाळल्यावर त्याच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे आणि खड्डे राहतात. त्यामुळेच तो चकाकत नाही, हा दुसरा लाभ. म्हाताऱ्या डोळ्यांना चकाकीचा त्रास फार. वर्षानुवर्षे पुसून पुसून हे उंचवटे झिजतात, खड्ड्यांत खडूची धूळ आणि हाताचे तेल बसते आणि फळा करडा व तुळतुळीत होतो. वरून नुसता काळा रंग फासून तो बरा होत नाही. आधी त्याचा गुळगुळीतपणा काढावा लागतो.

काम चार-पाच दिवसांचे झाले. प्रथम फळा साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत दोन दिवस वाळविला. कडक उन्हात ठेवला तर फळी वाकते. फटींमध्ये लांबी भरली. मग आधी १२० नंबरचा आणि नंतर २२० नंबरचा पॉलिशपेपर घेऊन सारा पृष्ठभाग घासला. येथे एक सावधगिरी सांगावीशी वाटते. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीचा रंग घासताना पाण्याचा हात लावूनच घासावे, तोंडावर फडके बांधावे आणि लेकरांना दूर ठेवावे.

घासताना एक प्रश्न उभा राहिला. फळ्याच्या डाव्या बाजूला वडिलांनी खिळ्याने चार-चार आडव्या रेघा कोरलेल्या होत्या. मुलांचे अक्षर वळणावर यावे म्हणून. गुळगुळीत करावयाचे तर त्या रेघा लांबीने बुजवाव्या लागणार होत्या. रंगारी म्हणाला, "बुजवू या, साहेब, सरळ दिसेल." आई शेजारीच बसली होती. तिला त्याचे बोलणे ऐकू गेले नव्हते, परंतु त्याच्या हातातली लांबीची पट्टी कोठे चालली आहे ते तिने पाहिले आणि म्हणाली, "त्या राहू देत. त्यांच्याशिवाय तुमची ओळ सरळ जायची नाही." कामाचे कारण तिने सांगितले, दुसरे कारण सांगितले नाही व आम्हीही विचारले नाही. रेघा राहिल्या. त्यांच्यातला रंग काडीने कोरून काढला.

त्यानंतर प्रायमरचा एक हात आणि मग काळ्या रंगाचे दोन हात. पहिला हात उभा, दुसरा आडवा. म्हणजे कुंचल्याच्या रेषा एकमेकींना छेदतात आणि कोठे कोरे राहत नाही. दोहोंच्या मध्ये एक दिवस जाऊ द्यावा. लोखंडी सामानाच्या दुकानात फळ्याचा तयार रंग मिळतो. तो टर्पेंटाइनमध्ये कालविण्याचा होता. स्वयंपाकघराच्या दाराची आतली बाजूही आम्ही अशीच रंगविली, कारण आई दुपारी तेथे भाजी निवडीत बसते. तेथे मात्र वास नको म्हणून पाण्यात कालविण्याचा साधा मॅट रंग घेतला व कपभर रंगाला फरशीचे सांधे भरण्याच्या बिनवाळूच्या भुकटीचे दोन मोठे चमचे घातले. तोही फळ्याचेच काम करतो.

रंग वाळला तरी लगेच लिहू नये. तीन दिवस थांबावे. मग खडूची कांडी आडवी धरून सारा फळा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, पांढरा करावा आणि कोरड्या फडक्याने पुसावा. हे केले नाही, तर कोऱ्या रंगावर जे अक्षर पहिल्यांदा लिहिले जाते त्याची धूळ रंगाच्या छिद्रांत बसते आणि ते अक्षर पुढे कितीही पुसले तरी भुतासारखे दिसत राहते. सगळीकडे सारखी धूळ बसली की कोणत्याच अक्षराला असा हक्क उरत नाही. आमच्या नऊ वर्षांच्या नातीने हे काम अंगावर घेतले आणि फळ्यासोबत स्वतःलाही पांढरे करून घेतले.

*

फळा आईच्या खुर्चीपासून सहा-सात फुटांवर, खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर टांगला. अक्षर दोन बोटे उंच काढावयाचे, हा नियम ठरला. पहिल्या दिवशी काय लिहावे, ते कोणालाच सुचेना. शेवटी सूनबाईंनी लिहिले, "जेवायला आज काय करू?" आई म्हणाली, "इतकी वर्षं मला कोणी विचारलं नाही." ते गमतीने म्हटले होते की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

या संभाषणाची एक गंमत आहे. आमचे बोलणे लेखी आणि आईचे तोंडी. तिला बोलता येतेच. त्यामुळे संध्याकाळी कोणी फळा पाहिला तर त्यावर अर्धेच संभाषण दिसते: 'होय, पण पाऊस थांबल्यावर', 'चारशे ऐंशी', 'नाही, त्याची धाकटी मुलगी', 'फादर उद्या येणार'. उत्तरे सारी तेथे असतात आणि प्रश्न हवेत विरलेले. पण त्या अर्ध्यातून एक गोष्ट स्पष्ट होई. आई पुन्हा प्रश्न विचारू लागली होती.

लिहावयाचे म्हटले की माणूस तोलून लिहितो, हेही ध्यानात आले. तोंडाने सहज निघणारी तिखट वाक्ये खडूने लिहिताना हात थांबतो. फळा भिंतीवर असतो, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो. उलटपक्षी कित्येक गोष्टी ज्या मोठ्याने ओरडून सांगता येत नाहीत, त्या लिहिता येतात. बहिऱ्या आईला शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "तुझी तब्येत कशी आहे, रात्री झोप लागली का?" असे विचारणे अवघड, लिहिणे सोपे.

आमची नात इंग्रजी माध्यमात शिकते. मराठी तिला बोलता येते; लिहिण्याचा मात्र कंटाळा. घराघरांतील हे चित्र वाचकांना नवीन नाही आणि त्याविषयी या पानांतून व व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले गेले आहे. तिच्या मोठ्या आजीला इंग्रजी येत नाही, तेव्हा तिला मराठीत लिहिण्यावाचून गत्यंतर उरले नाही. रविवारी मिस्साहून आल्यावर फादरांच्या प्रवचनाचा सारांश तीन ओळींत फळ्यावर लिहावयाचा, हे काम आईने तिच्याकडे दिले. लिहावयाचे म्हणजे आधी ऐकावयास हवे. पोर आता प्रवचन ऐकते. आई खुर्चीतून काठीच्या टोकाने ऱ्हस्व-दीर्घ दाखविते आणि डावीकडच्या रेघांवर तो शब्द पाच वेळा काढून घेते. त्या रेघा ज्यासाठी कोरल्या होत्या, त्याच कामाला पुन्हा लागल्या.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजारी व वृद्धांना कम्युनियन देण्यास घरोघर येतात. पूर्वी ते प्रार्थना म्हणत आणि आई ओठांकडे पाहत अंदाजाने 'आमेन' म्हणे. आता ते आल्याबरोबर खडू उचलून त्या दिवसाच्या शुभवर्तमानाचा अध्याय आणि ओवी लिहितात. आई आपले बायबल काढते, तो उतारा काढते आणि मग प्रार्थना सुरू होते.

*

पवित्र शास्त्रात लिहिण्याचे प्रसंग आहेत व काही ठिकाणी लिहिले कशावर हेही सांगितलेले आहे. सिनाई पर्वतावर आज्ञा दगडी पाट्यांवर आल्या; त्या फुटल्या तेव्हा मोशेला नव्या पाट्या घडवाव्या लागल्या. बेलशस्सर राजाच्या मेजवानीत हाताच्या बोटांनी दीपवृक्षासमोरच्या भिंतीच्या गिलाव्यावर लिहिले. प्रभू येशूने काही लिहिल्याचा उल्लेख चारही शुभवर्तमानांत मिळून एकाच प्रसंगी येतो. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला दगडमार करण्यासाठी लोक जमले असताना त्याने खाली वाकून बोटाने जमिनीवर लिहिले, आणि पुन्हा एकदा लिहिले. काय लिहिले ते योहानाने सांगितलेले नाही. ती धूळपाटीच होती. वाऱ्याने किंवा परत जाणाऱ्यांच्या पायांनी ती पुसली गेली असणार.

परंतु आमच्या घरी ज्याची आठवण वारंवार निघते तो जखऱ्या. देवदूताच्या शब्दावर विश्वास न बसल्याने त्याची वाचा गेली. एलिझाबेथला मुलगा झाला, आठव्या दिवशी नाव ठेवण्याची वेळ आली, तेव्हा नातलगांनी बापाला खुणा करून विचारले, असे लूक सांगतो. जो नुसता मुका आहे त्याला खुणा कशाला कराव्या लागतात? म्हणून त्याला ऐकूही येत नसावे, असा तर्क अनेक भाष्यकार करतात. त्याने पाटी मागितली. त्या काळी लाकडी फळीवर मेणाचा थर दिलेला असे. टोकदार लेखणीने त्यावर लिहीत आणि लेखणीच्या चपट्या टोकाने मेण सारखे करून पुन्हा लिहीत. मेण झिजले की नवे चढवीत. अशा एका पाटीवर जखऱ्याने मुलाचे नाव योहान असल्याचे लिहिले आणि त्याची जीभ मोकळी झाली. हा उतारा आईने वाचला तेव्हा ती म्हणाली, "नातलगांनी नऊ महिने त्याच्याजवळ पाटी ठेवली नव्हती, म्हणून मागावी लागली." एवढे भाष्य आम्ही कोठे वाचलेले नाही.

*

गेल्या वर्षी उपवासकाळात आईची धाकटी बहीण वारली. जवळच्याच गावात दिलेली. दोघी बहिणी एकमेकींना भेटल्या की एक बोले आणि दुसरी फळा पाही. मावशींनाही त्या फळ्याची सवय झाली होती. पहाटे फोन आला. आई नेहमीप्रमाणे पाच वाजता उठून ओटीवर आली तेव्हा आम्ही सारे उभे होतो. आमच्या तोंडांकडे पाहून तिने विचारले, "कोण?"

मृत्यूची बातमी तोंडाने सांगताना माणूस आडवळणे घेतो. तब्येत जरा बरी नाही, दवाखान्यात नेले आहे, असे टप्पे करतो. ऐकणाऱ्याला तेवढा वेळ मिळतो. फळ्यावर टप्पे नाहीत. लिहिलेले सारे एकदम दिसते. खडू आमच्या हाती होता. आम्ही मावशींचे नाव लिहिले आणि पुढचा शब्द लिहिण्यापूर्वी थांबलो. तो लिहावा लागला नाही. आईने नाव वाचले, कपाळावर क्रूसाची खूण केली आणि विचारले, "किती वाजता?" आम्ही लिहिले, "पहाटे साडेतीनला." "फादर पोचले होते?" आम्ही लिहिले, "होय. तैलाभ्यंग झाले." "शुद्धीवर होती?" सूनबाईंनी खडू घेतला आणि लिहिले, "तुमची आठवण काढली."

नंतर दफनविधीची वेळ लिहिली. त्या पाच ओळी फळ्यावर राहिल्या. त्या पुसण्यास कोणाचा हात धजेना. दुधाचा हिशेब कागदाच्या चिठोऱ्यावर गेला. नातीने रविवारचे प्रवचन स्वयंपाकघराच्या दारावर लिहिले. आईशी बोलणेही सारे दारावरच होऊ लागले. येणारे-जाणारे फळ्याकडे पाहत आणि गप्प बसत. सातव्या दिवसाची मिस्सा झाली. घरी परतल्यावर आईने ओले फडके मागून घेतले आणि स्वतः उठून फळा पुसला; वरपासून खालपर्यंत, सावकाश, कोपरेसुद्धा. मग फडके पिळीत म्हणाली, "उद्यापासून दुधाचं मांडा इथे. चिठ्ठ्या हरवतात."

फळा वाळल्यावर आम्ही जवळ जाऊन पाहिले. कोठेही अक्षराची सावली उरली नव्हती. रंग नीट बसला होता.

*

जर्मनी, ऑस्ट्रिया, पोलंड आदी देशांत तीन राजांच्या सणाला, म्हणजे ६ जानेवारीच्या सुमारास, आशीर्वादित केलेल्या खडूने घराच्या दारावर लिहिण्याची प्रथा आहे. वर्षाच्या आकड्याचा अर्धा भाग एका बाजूला, अर्धा दुसऱ्या बाजूला आणि मध्ये तीन आद्याक्षरे. ती कास्पार, मेल्खियोर आणि बाल्थाझार या तीन ज्ञानी पुरुषांच्या नावांची मानतात. 'ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो' अशा अर्थाच्या लॅटिन वाक्याचीही ती आद्याक्षरे आहेत. मंदिरातील उपासनेच्या ग्रंथात खडूवरील आशीर्वादाची स्वतंत्र प्रार्थनाही आहे. वर्ष सरले की ते आकडे पुसून नवे लिहितात. रंगाने एकदाच लिहून का ठेवीत नाहीत, असा प्रश्न आम्हांस पूर्वी पडे. आशीर्वाद दरवर्षी नव्याने मागावयाचा असतो, हे त्याचे उत्तर असावे.

आमचा फळा आता तीन वर्षांचा झाला. मधोमध, जेथे सर्वांत अधिक लिहिले जाते, तेथे तो पुन्हा करडा होऊ लागला आहे. पावसाळा संपला की त्याला पुन्हा घासून रंगाचा एक हात द्यावा लागेल. खडूची धूळ आईच्या श्वासात जाऊ नये म्हणून आम्ही तो ओल्या फडक्याने पुसतो, त्यामुळे रंग थोडा लवकर झिजतो. ते चालण्यासारखे आहे. या वेळी रंग नातीने द्यावा, आम्ही फक्त फळी धरावी, असे ठरले आहे.

आपल्या धर्मग्रामात अशी किती घरे असतील, जेथे ओटीवर एक वृद्ध माणूस बसले आहे आणि घरात चाललेल्या हसण्याबोलण्याचे कारण त्याला 'काही नाही' असे सांगितले जाते? त्यांच्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर एखादा जुना फळा असेल. नसला तरी दाराची एक बाजू असेलच. एक लहान डबा रंग, दोन तुकडे पॉलिशपेपर आणि तीन दिवसांचा धीर, एवढेच लागते. अक्षर मात्र मोठे काढावे आणि खडूची पेटी त्यांच्या हाताशी ठेवावी.